लेकीच्या शहरात आपलं तिकीट आपणच काढायचं

पत्राचा सारांश : सहकारनगरमधल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ६२, सरकारी कार्यालयातून निवृत्त. येत्या १८ मे रोजी त्या यजमानांबरोबर (वय ६७) लेकीकडे बर्लिनला निघाल्या आहेत. मुक्काम ३० जूनपर्यंत. लेक आणि जावई दोघंही सकाळी आठला बाहेर पडतात ते संध्याकाळी सहाला परततात. "दिवसभर आम्ही करायचं काय, यावरून घरात रोज बोलणं होतं," असं त्या लिहितात. यजमानांचं म्हणणं असं, की पर्यटकांसाठीचं कार्ड इथूनच ऑनलाइन घेऊन ठेवू, एक संपलं की दुसरं. चार पैसे जास्त गेले तरी चालतील, पण भानगड नको. लेक म्हणते, तुम्ही काहीच काढू नका. बाहेर पडावंसं वाटलं की मेसेज करा, मी ऑफिसातून तिकीट काढून स्क्रीनशॉट पाठवीन. ताईंना स्वतःच्या हिमतीवर शहर बघायचं आहे, पण अ‍ॅपची धास्ती आहे. त्यांच्या सोसायटीतल्या एका काकांना जर्मनीतच, हातात कागदी तिकीट असूनही, दंड झाला होता. "तपासनिसाने पकडलं तर लेकीची तिथे मान खाली जाईल. त्यापेक्षा गप घरात बसावं आणि शनिवार-रविवारी मुलं नेतील तेवढं बघावं, हेच बरं का?" असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई,

घरात बसू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्राच्या शेवटी तुमचा कल तिकडे झुकलेला दिसला आणि तो मला अजिबात पटला नाही. मे-जून हे बर्लिनचे उत्तम दिवस. जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. तुमच्या मुक्कामातले शनिवार-रविवार मोजून पाहिले, ते सगळे मिळून बारा दिवस भरतात. त्यातल्या एखाद्या शनिवारी मुलांना घरची कामं असणार, एखादा रविवार पावसात जाणार. राहिलेले महिनाभराचे दिवस खिडकीतून खालची ट्राम बघत काढायचे असतील, तर इतका लांबचा प्रवास करून जायचं तरी कशाला?

आता तुमच्या भीतीकडे वळू. ती खोटी नाही. ती कुठून आली आहे हे मात्र पाहायला हवं. तुम्ही लिहिलंय की नोकरीची सगळी वर्षं तुम्ही स्वारगेटहून बसनेच ये-जा केली. पीएमपीच्या बसमध्ये आपण चढतो, जागा मिळाली तर बसतो, आणि कंडक्टर आपल्यापर्यंत येतो. तिकीट काढायची आठवण करून देणारा माणूस गाडीतच असतो. पुणे मेट्रोत कंडक्टर नाही, पण तिथे फाटक आहे. तिकिटाचा क्यूआर कोड दाखवल्याशिवाय ते उघडत नाही. म्हणजे दोन्हीकडे चूक होण्याआधीच कुणीतरी किंवा काहीतरी आपल्याला अडवतं. बर्लिनमध्ये यातलं काहीच नाही. तिथल्या भुयारी रेल्वेला ऊ-बान म्हणतात आणि लोकलला एस-बान. दोन्हींच्या फलाटांवर फाटकंच नाहीत. रस्त्यावरून जिना उतरा, गाडी आली की चढा, कुणी विचारत नाही. तिकीट आहे की नाही हे पाहायची जबाबदारी पूर्णपणे प्रवाशाची. मधूनच केव्हातरी साध्या कपड्यांतले तपासनीस डब्यात शिरतात, ओळखपत्र दाखवतात आणि सगळ्यांची तिकिटं बघतात. ज्याच्याकडे योग्य तिकीट नाही त्याला ६० युरोंचा दंड.

हे ऐकायला सापळ्यासारखं वाटतं, पण तसं ते नाही. तीन गोष्टी सांभाळल्या की पुरे : गाडीत चढण्याआधी तिकीट, ते योग्य भाडे-विभागाचं, आणि कागदी असेल तर त्यावर शिक्का. तुमच्या सोसायटीतल्या काकांचं नक्की काय झालं हे मला माहीत नाही, पण तिकीट हातात असून दंड झाला म्हणजे बहुधा ते शिक्क्याशिवायचं असणार. जर्मनीत मशीनमधून निघालेल्या बऱ्याच कागदी तिकिटांवर वेळ छापलेली नसते. बर्लिनच्या फलाटांवर छोट्या पेट्या असतात, ऊ-बानच्या स्थानकांत पिवळ्या आणि एस-बानच्या स्थानकांत लाल. तिच्या फटीत तिकीट सरकवलं की तारीख-वेळेचा ठसा उमटतो आणि तिथून ते तिकीट सुरू होतं. ठसा नसेल तर तेच तिकीट उद्याही वापरता येईल, म्हणून तपासनीस ते धरत नाही. हे एकदा कळलं की काकांच्या गोष्टीतलं भय निघून जातं.

दुसरी गोष्ट मानेची. तुम्ही ती ओघात लिहून गेलात, पण मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे. ६० युरोंचा दंड प्रवाशाच्या नावावर होतो, तो ज्यांच्या घरी उतरला आहे त्यांच्या नावावर नाही. लेकीच्या नोकरीशी किंवा जावयांच्या कामाशी त्याचा काही संबंध नाही. तिथे राहणाऱ्या लोकांनाही असे दंड होतात. पास घरी राहतो, फोन बंद पडतो, घाईत चुकीच्या विभागाचं तिकीट निघतं. दंड भरला की विषय मिटतो. जाणूनबुजून पुन्हा पुन्हा विनातिकीट फिरणाऱ्यांवर गुन्हा दाखल होऊ शकतो, पण ते प्रकरण वेगळं, आणि तुम्ही त्यातल्या नाही.

मग मान खाली जाईल असं का वाटतं? मला वाटतं, लेकीच्या सासरी आपल्यामुळे कुणाला तोशीस पडू नये, ही जी शिकवण आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांत मुरली आहे, ती विमानात बसून तुमच्याबरोबर बर्लिनला निघाली आहे. ताई, ते घर लेकीचंही आहे. तिने तुम्हाला सहा आठवडे बोलावलं आहे. आई-बाबा पाहुण्यांसारखे अंग चोरून बसले तर तिलाच जास्त त्रास होईल. संध्याकाळी दमून आलेल्या मुलीला "आज आम्ही अमुक ठिकाणी जाऊन आलो" हे ऐकायला मिळालं तर तिचा जीव हलका होईल. दिवसभर तुमची करमणूक करण्याचं ओझं तिच्या डोक्यावरून उतरेल, हाही त्याचा मोठा भाग आहे.

लेकीच्या योजनेबद्दल दोन शब्द. तिचा हेतू प्रेमाचा आहे यात शंकाच नाही, पण योजना चालणारी नाही. फोनवरचं तिकीट ज्या फोनच्या अ‍ॅपमध्ये काढलं, त्याच फोनवर दाखवावं लागतं. त्याचा स्क्रीनशॉट दुसऱ्याच्या फोनवर दाखवला तर तपासनीस तो तिकीट म्हणून मान्य करत नाही. म्हणजे भानगड टाळायला काढलेल्या वाटेनेच भानगड व्हायची. हे तिला सांगा. रोज स्वतःच्या फोनवरच्या पासवर फिरणाऱ्या माणसाच्या ते लक्षात येत नाही. पण नियम तसा नसता तरी मी या योजनेला नाहीच म्हटलं असतं. ती मीटिंगमध्ये असेल, तुम्ही थांब्यावर उभ्या असाल, एक ट्राम जाईल, दुसरी जाईल. दोन दिवसांनी तुम्हीच म्हणाल, जाऊ दे, तिला कशाला त्रास. असं एकदा म्हटलं की बाहेर पडणं थांबतं. शिवाय तिकिटासाठी विचारायचं म्हणजे कुठे जायचं, केव्हा परतायचं हेही आधी सांगायचं. आयुष्यभर स्वतःच्या पासवर फिरलेल्या बाईने हे का करावं?

यजमानांच्या पर्यटक कार्डाकडे येते. बर्लिन वेलकम कार्ड नावाचं असं कार्ड खरंच आहे आणि ते चांगलं आहे, पण ज्याच्यासाठी आहे त्याच्यासाठी. ते ४८ तासांपासून सहा दिवसांपर्यंतच्या मुदतीचं मिळतं. त्यात वाहतूक येते आणि बऱ्याच प्रेक्षणीय स्थळांच्या तिकिटांत सवलत मिळते. चार दिवसांसाठी आलेला, रोज तीन-तीन ठिकाणं बघणारा माणूस त्याचे पैसे वसूल करतो. सहा आठवडे राहणाऱ्या, दुपारी जेवून थोडं आडवं होणाऱ्या, दिवसाआड बाहेर पडणाऱ्या जोडप्याने अशी कार्डं एकापाठोपाठ घ्यायची म्हणजे सवलतीचे पैसे भरायचे आणि सवलत वापरायची नाही. भीतीपोटी महाग वस्तू घेतली की आपण सुरक्षित झालो असं वाटतं, पण त्या कार्डालाही विभाग असतात, मुदत असते. ते न वाचता खिशात ठेवलं तर दंड त्यावरही होतो. यजमानांना हे जरा हळुवारपणे सांगा. पैसे घालवायला ते तयार आहेत ते तुमच्या काळजीने.

त्यांचा आणखी एक समज तुमच्या पत्रात डोकावतो : ज्येष्ठ नागरिक आहोत, काहीतरी सूट असेलच. आपल्याकडे एसटीत ६५ पासून निम्मं तिकीट, ७५ नंतर मोफत, आणि मार्च २०२३ पासून महिलांना सरसकट अर्धं भाडं. याची सवय झाल्यावर जगभर तसंच असेल असं वाटणं साहजिक आहे. बर्लिनमध्ये ६५ वर्षांवरील लोकांसाठी खास पास आहे, पण तो वार्षिक वर्गणीचा. सहा आठवड्यांच्या मुक्कामाला त्याचा उपयोग नाही. म्हणून तिकीट मशीनवर सवलतीचं बटण दिसलं तरी ते दाबू नका. ते प्रामुख्याने १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असतं, आणि चुकीचं सवलतीचं तिकीट म्हणजे तिकीटच नाही असं धरतात.

मग घ्यायचं काय? बर्लिनचे तीन विभाग आहेत. ए म्हणजे शहराला वळसा घालणाऱ्या रिंग रेल्वेच्या आतलं शहर, बी म्हणजे तिथून शहराच्या हद्दीपर्यंत, सी म्हणजे भोवतालचा परिसर. विमानतळ आणि शेजारचं पॉट्सडॅम शहर सी मध्ये येतात. रोजच्या फिरण्याला एबी पुरतं, विमानतळावरून घरी जाताना मात्र एबीसी लागतं. लेक घ्यायला आली तरी हे तिला आठवणीने विचारा, कारण तिचा स्वतःचा पास कदाचित सगळीकडे चालणारा असेल आणि तुमचं तिकीट ती घाईत एबीचं काढील. साधं एकेरी एबी तिकीट चार युरोंच्या आसपास पडतं. ते दोन तास चालतं, मधे ऊ-बान, एस-बान, ट्राम, बस हवं तेवढं बदला, पण दिशा एकच. त्याच तिकिटावर परत फिरायचं नाही आणि गोल चक्करही मारायची नाही. जवळच जायचं असेल तर कमी अंतराचं स्वस्त तिकीट मिळतं : रेल्वेने तीन थांबे किंवा बस-ट्रामने सहा. दिवसभर भटकायचं असेल तर २४ तासांचं. सात दिवसांचंही असतं.

आणि मग डॉइचलांडटिकेट. १ मे २०२३ रोजी ४९ युरोंना सुरू झालेला हा पास २०२५ मध्ये ५८ झाला आणि जानेवारी २०२६ पासून ६३ युरो, म्हणजे साडेसहा हजार रुपयांच्या घरात. एवढ्यात एक पूर्ण कॅलेंडर महिना साऱ्या जर्मनीतल्या बस, ट्राम, ऊ-बान, एस-बान आणि प्रादेशिक रेल्वे. आयसीई, आयसीसारख्या लांब पल्ल्याच्या जलद गाड्या त्यात येत नाहीत. तिथे राहण्याचा परवाना असायची अट नाही, पाहुण्यांनाही तो घेता येतो. मात्र ती मासिक वर्गणी आहे. आपण रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे आपोआप जातात. ज्या महिन्याअखेर थांबवायची, त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द करावी लागते.

हिशोब तुम्हीच करा, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. जून २०२५ मध्ये पीएमपीचं भाडं वाढून दिवसाचा पास ७० रुपये झाला, तेव्हा घरोघरी हेच गणित मांडलं गेलं होतं. ६३ भागिले ४ म्हणजे जवळपास १६ फेऱ्या, जाऊन-येऊन आठ वेळा. महिन्यात आठापेक्षा जास्त वेळा बाहेर पडणार असाल तर पास परवडतो. जूनमध्ये तुम्ही नक्कीच पडाल, त्यामुळे जूनचा पास दोघांसाठी घ्याच. मेचे तुमच्या हातात चौदाच दिवस आहेत. त्यातले पहिले तीन-चार झोपेचं घड्याळ जुळवण्यात जातील, आणि महिन्याच्या मधे घेतलं तरी पैसे पूर्ण महिन्याचे धरून चालायला हवं. मेमध्ये सुटी तिकिटं काढा, असं माझं मत आहे, आणि त्यामागे पैशापेक्षा मोठं कारण आहे. स्थानकातल्या मशीनसमोर उभं राहून, भाषेचं बटण इंग्रजीवर नेऊन, विभाग निवडून, पैसे टाकून, निघालेल्या कागदावर स्वतः शिक्का मारायचा. हे चार वेळा केलं की धास्ती जाते. लेकीने सगळं आयतं दिलं तर ती जात नाही. जूनमध्ये पास हातात आला की शिक्का, विभाग, दोन तास या सगळ्यातून सुटका होते, पण तोवर तुम्हाला ते येत असेल. पास नसलेल्या कुठल्याही शहरात मग तुमचं अडणार नाही.

लेकीला काम द्यायचंच असेल तर हे द्या. पासचे पैसे बहुतेक ठिकाणी युरोपातल्या बँक खात्यातून वळते होतात, तेव्हा खातं तिचं आणि पास तुमच्या नावाचे, दोघांचे वेगळे. एका पासवर दोघं चालत नाहीत. तुमचा फोनवर घ्या. यजमानांना फोनमध्ये शोधाशोध करायचा कंटाळा असेल तर काही परिवहन संस्था हाच पास प्लास्टिकच्या चिप कार्डवर देतात. ते टपालाने येतं, म्हणून अर्ज मेच्या सुरुवातीलाच करायला सांगा. पासवर नाव असतं आणि तपासनीस फोटो असलेलं ओळखपत्र मागू शकतो. तुमच्यासाठी ते म्हणजे पासपोर्ट. पर्सच्या आतल्या, चेन असलेल्या कप्प्यात ठेवा, गर्दीत पर्स पोटाशी धरा. तुळशीबागेत धरता तशीच.

फोनवरच्या पासची एकच खरी अडचण असते, बॅटरी. फोन बंद म्हणजे पास नाही असं धरून दंडाची पावती होते. नावाचा पास त्या वेळी सुरू होता असं नंतर दाखवलं तर ६० ऐवजी नाममात्र शुल्क भरून सुटका होते, पण तेवढा हेलपाटा कशाला? छोटी पॉवर बँक जवळ ठेवा आणि घरातून निघताना घरच्या वायफायवर अ‍ॅप एकदा उघडून पास दिसतोय ना ते बघा. सुटं तिकीट अ‍ॅपवर काढणार असाल तर फलाटावरच काढा. गाडीत बसल्यावर, तपासनीस दिसल्यावर काढलेलं चालत नाही.

पैशांच्या बाबतीत पुण्यातूनच दोन गोष्टी करून निघा. यूपीआयची आपल्याला इतकी सवय झाली आहे की पाकीट जवळ आहे का हेही आपण बघत नाही. बर्लिनच्या तिकीट मशीनवर यूपीआय चालत नाही. तुमच्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डावर परदेशातला वापर बहुधा बंद असेल. २०२० मधल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवीन कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांपुरतीच सुरू करून देतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर आणि टॅप करून पैसे देण्याची सोय, दोन्ही स्वतंत्रपणे सुरू करावी लागते. मर्यादा तुम्हीच ठरवू शकता, ती कमी ठेवा. जमलं नाही तर बँकेच्या शाखेत जाऊन करून घ्या. आणि अ‍ॅपमध्ये कार्ड घालताना ओटीपी पुण्याच्या नंबरवर येतो, हे विसरू नका. ते सिम फोनमध्येच राहू द्या आणि त्यावर परदेशात एसएमएस येतील याची कंपनीकडून खात्री करून घ्या. बाकी मशीनला नाणी आणि नोटा चालतात. पाकिटात थोडे सुटे युरो असले की निम्मी चिंता तिथेच संपते.

सराव मात्र इथेच सुरू करा, आणि यजमानांना बरोबर घ्या. स्वारगेट तुमच्या जवळ आहे. एका दुपारी दोघांनी मेट्रोचं तिकीट फोनवर काढा, खिडकीकडे जाऊ नका. स्वारगेटहून सिव्हिल कोर्ट, म्हणजे आताचं जिल्हा न्यायालय स्थानक. तिथे जमिनीखालून वर येऊन मार्गिका बदला आणि वनाझला जा. बदलताना एक सवय लावून घ्या : पाटीवर आपल्या स्थानकाचं नाव शोधण्याआधी गाडीचं शेवटचं स्थानक बघायचं, वनाझकडे की रामवाडीकडे. बर्लिनच्या फलाटांवरही दिशा शेवटच्या स्थानकाच्या नावानेच लिहिलेली असते. नवखा माणूस चुकतो तो बहुधा इथेच. उलट्या दिशेला गेलात तर घाबरायचं काही नाही, पुढच्या स्थानकावर उतरायचं आणि समोरच्या बाजूची गाडी धरायची. नकाशाच्या अ‍ॅपमध्ये बसचे मार्ग कसे बघायचे, हेही पुण्यातच पक्कं करा. सहकारनगर ते शनिवारवाडा असा ओळखीचा रस्ता टाकून बघा. रस्ता आधीपासून माहीत असला की अ‍ॅप काय सांगतंय ते चटकन कळतं.

तिथे पोचल्यावर पहिलीच स्वारी १०० नंबरच्या बसने करा. झू स्टेशनहून सुटते ती आलेक्सांडरप्लाट्सला जाते, आणि वाटेत टिअरगार्टन, विजयस्तंभ, संसद, ब्रांडेनबुर्ग दरवाजाचा परिसर, संग्रहालयांचं बेट हे सगळं येतं. बर्लिनची भिंत पडल्यानंतर १९९० मध्ये पूर्व आणि पश्चिम बर्लिनला जोडण्यासाठी ही बस सुरू झाली. पर्यटक बसचे भरमसाट पैसे देऊन लोक जे बघतात त्यातलं बरंचसं एका साध्या एबी तिकिटात दिसतं. दुमजली गाडी आली तर वरच्या मजल्यावर पुढची जागा धरा, गुडघे परवानगी देत असतील तर. २४ तासांचं तिकीट काढलेल्या दिवशी रिंग रेल्वेने शहराभोवती एक फेरी मारा. एस-४१ घड्याळाच्या दिशेने जाते, एस-४२ उलट. साधारण तासाभरात ३७ किलोमीटरचं वर्तुळ पूर्ण होतं. भिंतीमुळे तुटलेलं हे वर्तुळ २००२ मध्ये पुन्हा सलग झालं. इथे हरवायचा प्रश्नच येत नाही, बसून राहिलात तर चढलात तिथेच परत याल. पाय दुखणाऱ्यांसाठी यापेक्षा सोयीचं शहरदर्शन नाही. आणि जूनचा पास आला की पॉट्सडॅमचे राजवाडे आणि बागा. तिथे जायला मग वेगळं तिकीट काढावं लागणार नाही.

तुमच्यासारखी पत्रं उन्हाळा जवळ आला की येतातच, म्हणून दुसऱ्या शहरांना निघालेल्यांसाठीही थोडं लिहिते. लंडनमध्ये बसमध्ये रोख पैसे २०१४ पासूनच बंद आहेत. कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा ऑयस्टर हे तिथलं प्रवासाचं कार्ड टॅप करायचं. दिवसाला ठरावीक रकमेपेक्षा जास्त पैसे कापले जात नाहीत, त्यामुळे पासचा वेगळा विचारही बहुधा करावा लागत नाही. पण नवरा-बायकोला वेगवेगळी कार्डं हवीत, आणि दिवसभर तेच कार्ड वापरायला हवं. सकाळी कार्ड आणि दुपारी त्याच कार्डाचा फोन टॅप केला तर यंत्रणा ते दोन प्रवासी धरते. ट्यूबमध्ये, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेत, चढताना-उतरताना दोन्हीकडे टॅप, बसमध्ये फक्त चढताना. सिंगापूरला उलट, तिथे बसमधून उतरतानाही टॅप करावं लागतं, नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचे पैसे जातात. पॅरिसचा आठवड्याचा पास सोमवार ते रविवार असा चालतो. चालू आठवड्याचा पास गुरुवारपर्यंतच मिळतो, त्यामुळे शुक्रवारी पोचणाऱ्याला तो पुढच्या सोमवारपासूनचाच घेता येतो. शहर कुठलंही असो, मुलांना अ‍ॅपचं नाव विचारण्याआधी हे विचारा : तिकीट चढण्याआधी सुरू करावं लागतं का, उतरताना काही करावं लागतं का, आणि दिवस, आठवडा, महिना कधीपासून मोजतात?

लेकीशी निघण्याआधीच बोला, आणि फोनवर यजमानांनाही शेजारी बसवा. तिला सांगा की स्क्रीनशॉट नको, पण दोन गोष्टी हव्यात. एक, पहिल्या शनिवारी तिने तुमच्याबरोबर स्थानकात यावं आणि मशीनला हात न लावता शेजारी उभं राहावं. तुम्ही अडलात तर विचाराल. दुसरं, घराचा पत्ता, जवळच्या स्थानकाचं नाव आणि तिचा नंबर असलेली चिठ्ठी तिने दोघांसाठी लिहून ठेवावी, जर्मन अक्षरांत. फोन बंद पडला तर ती कुणालाही दाखवता येते. तिला काळजी वाटेल. बाहेर पडताना आणि घरी परतल्यावर एक मेसेज टाकायचं कबूल करा, पण परवानगी मागितल्यासारखा नको, कळवल्यासारखा टाका.

आणि पास तिच्या खात्यातून जाणार आहे, म्हणून १० जून ही तारीख आजच कॅलेंडरवर लिहा. त्याआधी एक-दोन दिवस संध्याकाळी चहा घेताना तिला आठवण करा, दोन्ही पास जूनअखेर बंद करायला सांगा आणि रद्द झाल्याची ईमेल आल्याचं तिच्याकडून बघून घ्या. नाहीतर तुम्ही पुण्यात परतल्यावर जुलैचे १२६ युरो तिच्या खात्यातून जातील.